वेताळ, बटाटा आणि मोबाईल

गेल्या शनिवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. ताईचा मुलगा, म्हणजे आमचे भाचेबुवा, अडीच वर्षांचे आहेत. वरण-भाताची वाटी समोर आली आणि साहेबांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. ताईने काही न बोलता मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला, गाणं लावलं, आणि काय आश्चर्य, तोंड आपोआप उघडलं! घास आत, डोळे पडद्यावर. दहा मिनिटांत वाटी रिकामी. आपण वरण-भात खाल्ला की पोहे, याचा त्या जिवाला पत्ताही नसावा.

मला हसू आलं. ताई हसली नाही. हात धुता धुता म्हणाली, "डॉक्टरांनी विचारलं, किती शब्द बोलतो? घरी येऊन मोजले. वीससुद्धा भरले नाहीत रे. कान तपासून घ्या म्हणालेत, मग पुढचं बघू. आणि मोबाईल किती बघतो तेही विचारलं." थोडं थांबून म्हणाली, "तू कॉम्प्युटरवाला ना? मग नीट सांग. एक जण म्हणतो याने मेंदू सडतो. दुसरा म्हणतो काही होत नाही, आपण नाही का टीव्ही बघून मोठे झालो? खरं काय?"

मी "बघून सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर मला बोलवेना. कारण एक गाणं संपलं की पुढचं सुरू व्हायच्या आधी पडद्यावर ते छोटं वर्तुळ फिरतं ना, तसलंच एक वर्तुळ मी स्वतःच्या हाताने लिहिलंय. (ॲप वेगळं, मोठ्यांसाठीचं. पण वर्तुळाचं काम तेच. तुम्ही उठायच्या आत पुढची गोष्ट सुरू करून द्यायची.) त्या रिलीजनंतर लोक ॲपवर जास्त वेळ थांबायला लागले, म्हणून टीमला पिझ्झा पार्टी मिळाली होती. मी चार तुकडे खाल्ले होते.

तर गेला आठवडाभर रात्री जागून वाचलं. उत्तर शोधायला गेलो आणि सापडला इतिहास. ताईने विचारलेला प्रश्न जवळजवळ शंभर वर्षं जुना आहे, आणि तो विचारण्याची पद्धत दर वेळी तशीच चुकत आलीय. तीच गोष्ट आज सांगतो.

सुरुवात सिनेमापासून. १९२० च्या दशकात अमेरिकेत मुलं आठवड्याला सिनेमाला जायला लागली आणि आईबाप, पाद्री, शिक्षक सगळे हवालदिल झाले. मग १९२९ च्या सुमारास पेन फंड नावाच्या एका संस्थेच्या पैशावर मोठा अभ्यास सुरू झाला. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचे डब्ल्यू. डब्ल्यू. चार्टर्स प्रमुख होते, आणि समाजशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा सगळ्या शाखांची मंडळी कामाला लागली. १९३३ पासून एकेक करत डझनभर अभ्यास छापून आले.

त्यातला एक वाचून मी गार झालो. कोलंबस शहरातल्या एका बालसंस्थेत मुलांच्या पलंगांना त्यांनी यंत्रं बसवली. मूल झोपेत किती चुळबुळ करतं, ते रात्रभर आपोआप नोंदलं जायचं. हातातल्या घड्याळाने झोप मोजायची आपली आजची हौस त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी पलंगावर भागवली म्हणायची! मग काही संध्याकाळी मुलांना सिनेमा दाखवायचा आणि त्या रात्रीची चुळबुळ नेहमीच्या रात्रीशी ताडून बघायची. निघालं काय? काही सिनेमांनंतर काही मुलांची झोप चांगलीच बिघडली, काहींवर फारसा परिणाम नाही, काही तर उलट जास्त शांत झोपली. थोडक्यात, मुलागणिक आणि सिनेमागणिक फरक.

आता हे असलं उत्तर कोणाला हवं असतं? त्याच वर्षी, १९३३ मध्ये, हेन्री जेम्स फोर्मन नावाच्या लेखकाने या सगळ्या संशोधनाचं मसालेदार सार काढून 'अवर मूव्ही मेड चिल्ड्रन' नावाचं पुस्तक लिहिलं. मूळ अभ्यासांतले 'जर', 'तर', 'काही मुलांत' हे शब्द गळाले आणि उरली ती भीती. पुस्तक तुफान गाजलं. मूळ खंड लायब्ररीत गेले.

हा झाला पहिला अंक. पुढचे अंक वाचताना मला सारखं वाटत होतं, हे मी वाचलंय...

रेडिओ आला. १९३६ मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटी प्रेसने ॲझ्रिएल आयझेनबर्ग यांचा न्यूयॉर्क भागातल्या तीन हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास छापला. मुलं रेडिओवर काय ऐकतात, त्यापायी काय सोडतात, घरात भांडणं होतात का, वगैरे. १९४१ मध्ये मेरी प्रेस्टन या डॉक्टरीणबाईंनी बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात लिहिलं, की त्यांनी पाहिलेल्या २०० मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना गुन्हेगारी नाट्यांचं, रेडिओ आणि सिनेमा दोन्हींचं, व्यसन लागलंय. व्यसन हाच शब्द. रेडिओचं! आज एखादं मूल तासभर बसून रेडिओवरचं श्रुतिकानाट्य ऐकू लागलं, तर आपण त्याच्या आईला पेढे वाटायला सांगू.

मग कॉमिक्स. फ्रेडरिक वर्थम हे न्यूयॉर्कमधले मनोविकारतज्ज्ञ. गरीब वस्तीतल्या मुलांसाठी त्यांनी दवाखाना चालवला, माणूस सज्जन. १९५४ मध्ये 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे त्यांचं पुस्तक आलं. कॉमिक्समुळे मुलं गुन्हेगार होतात, असा त्याचा मथितार्थ. त्याच वर्षी अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे साक्षी झाल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच स्वतःवर नियमावली लादून घेतली. पुढे वर्थम यांची खासगी कागदपत्रं २०१० मध्ये अभ्यासकांना खुली झाली. कॅरोल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापिकेने ती पुस्तकाशी ताडून पाहिली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष छापला: मुलांची वयं बदललेली, वेगवेगळ्या मुलांचं बोलणं एकाच्या तोंडी घातलेलं, कॉमिक्सशिवायची कारणं वगळलेली. चांगल्या हेतूने डेटा मॅनेज केला होता साहेबांनी. ज्यांनी कधी डेडलाईनच्या आदल्या रात्री डॅशबोर्ड बनवलाय, त्यांनी इथे उगाच फार नाकं मुरडू नयेत.

मग टीव्ही. इथे मात्र गोष्ट जरा वेगळी होते, कारण इथे एका बाईंना योग्य प्रश्न सापडला. हिल्डे हिमेलवाईट, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८५४ मुलं घेतली. घरी टीव्ही असलेलं एक मूल, तर त्याच्याशी वय, लिंग, बुद्धिमत्ता, घरची परिस्थिती असं सगळं जुळणारं टीव्ही नसलेलं दुसरं. शिवाय नॉर्विच शहरात टीव्ही पोचायच्या आधी मुलांची पाहणी करून ठेवली आणि टीव्ही आल्यावर पुन्हा केली. १९५८ मध्ये 'टेलिव्हिजन अँड द चाईल्ड' हे पुस्तक आलं.

मुलं तेव्हा आठवड्याला साधारण ११ ते १३ तास टीव्ही बघत होती. बाईंनी विचारलं, हे तास आले कुठून? दिवस तर चोवीस तासांचाच राहिला. मग टीव्हीने कोणाला बाजूला सारलं? उत्तर मजेशीर निघालं. टीव्हीने सर्वात आधी खाल्लं ते त्याच्यासारखंच काम करणाऱ्यांना, म्हणजे रेडिओ, सिनेमा आणि कॉमिक्सना. ज्यांच्यावरून आधीच्या वीस वर्षांत एवढी रडारड झाली, त्यांनाच! छंद, खेळ वगैरेंना धक्का कमी बसला. म्हणजे 'किती तास' यापेक्षा 'कशाच्या बदल्यात' हा प्रश्न मोठा. हे लिहून ठेवलंय १९५८ साली.

तीन वर्षांनी, १९६१ मध्ये, अमेरिकेत विल्बर श्राम आणि मंडळींनी साधारण तेच वेगळ्या बाजूने सांगितलं. टीव्ही मुलांना काय करतो असं विचारूच नका, मुलं टीव्हीचं काय करतात ते विचारा. एकच कार्यक्रम एका मुलाला घातक, दुसऱ्याला उपयोगी आणि बहुतेकांना यातलं काहीच नाही, असं असू शकतं.

याच्याही पुढे कॅनडातली एक गोष्ट आहे, मला सर्वात आवडलेली. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एक छोटं गाव होतं. बाकी सगळं इतर गावांसारखं, पण गाव दरीत असल्यामुळे टीव्हीच्या लहरीच तिथे पोचत नव्हत्या. १९७३ मध्ये तिथे टीव्ही येणार असं ठरलं. (साधारण त्याच सुमाराला, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आपल्याकडे मुंबई दूरदर्शन सुरू झालं होतं.) टॅनिस मॅकबेथ विल्यम्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ही संधी बरोबर पकडली. या गावाला त्यांनी नाव दिलं नोटेल. शेजारचं एक चॅनेलवालं गाव युनिटेल आणि अनेक चॅनेलवालं मल्टिटेल. टीव्ही यायच्या आधी तिन्ही गावांची तपासणी, आणि दोन वर्षांनी पुन्हा. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर इतकी स्वच्छ ए-बी टेस्ट निसर्ग सहसा करू देत नाही.

टीव्ही यायच्या आधी नोटेलची मुलं एका चाचणीत चक्क पुढे होती. एखाद्या साध्या वस्तूचे किती वेगवेगळे उपयोग सुचतात, अशा प्रकारची ती चाचणी. दोन वर्षांनी ती आघाडी गेली, मुलं इतर गावांच्या रांगेत येऊन बसली. मैदानावरची मारामारी वाढली. आणि गावातल्या कार्यक्रमांना, खेळांना येणाऱ्यांची संख्या घटली. मुलांचीच नव्हे, मोठ्यांचीसुद्धा! हे सगळं १९८६ मध्ये पुस्तकरूपात आलं. इथेही टीव्हीतून काही विषारी किरण निघाले नव्हते. संध्याकाळी मैदानावर, सभागृहात जे घडायचं, ते घडायचं थांबलं.

आपल्याकडचं सांगायचं तर माझ्या पिढीला 'शक्तिमान' आठवत असेल. शक्तिमान वाचवायला येईल या भरवशावर मुलांनी जिवाशी खेळ केल्याच्या बातम्या आल्या, घराघरांत 'बंद करा ती मालिका' सुरू झालं आणि शक्तिमान स्वतः एपिसोडच्या शेवटी येऊन समजावून सांगायला लागला. आमची आजी तर 'डोळे जातील, लांबून बघ' एवढं एकच वाक्य दिवसातून वीस वेळा म्हणायची. डोळे काही गेले नाहीत. (चष्मा लागला, पण तो इंजिनियरिंगच्या चौथ्या सेमिस्टरला.)

आता मोबाईल. आयफोन २००७ मध्ये आला. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा पाण्यासारखा झाला. वर्षभरात, २०१७ मध्ये, जीन ट्वेंगी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचा लेख गाजला. स्मार्टफोनने एक अख्खी पिढी उद्ध्वस्त केली का, असा त्याचा सूर. २०१२ च्या आसपास किशोरवयीन मुलामुलींमधलं नैराश्य, एकटेपणा अचानक वाढलेला दिसतो आणि तेच स्मार्टफोन सर्वांच्या हातात आल्याचं वर्ष, असा त्यांचा मुद्दा.

ऑक्सफर्डला डॉक्टरेट करणाऱ्या एमी ऑर्बेन या मुलीने हा मुद्दा तपासायला घेतला, तिचे मार्गदर्शक अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांच्याबरोबर. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या तीन मोठ्या सर्वेक्षणांचा डेटा, एकूण ३,५५,३५८ मुलं. आणि तिला पहिल्यांदा खटकलं ते निष्कर्षांच्याही आधीचं काहीतरी. या सर्वेक्षणांत प्रश्न ढीगभर असतात. 'मूल सुखी आहे का' हे कुठल्या प्रश्नांवरून ठरवायचं? 'मोबाईलचा वापर' म्हणजे नक्की कुठले आकडे? घरची परिस्थिती हिशोबात धरायची की नाही? प्रत्येक ठिकाणी दोन-चार रस्ते फुटतात, आणि सगळे रस्ते समर्थनीय. एकट्या ब्रिटिश सर्वेक्षणात असे विश्लेषणाचे ६० कोटींहून जास्त मार्ग निघाले! म्हणजे तुम्हाला मोबाईल राक्षस ठरवायचा असेल तरी वाट आहे, आणि देवदूत ठरवायचा असेल तरी आहे. मग तिने एकच वाट न निवडता हजारो वाटा चालून बघितल्या आणि सगळी उत्तरं एकत्र मांडली.

जानेवारी २०१९ मध्ये ते छापून आलं. संबंध आहे, नकारात्मक आहे, पण इवलासा. एका मुलात आणि दुसऱ्या मुलात सुखाचा जो फरक दिसतो, त्यातला फार तर ०.४ टक्के भाग डिजिटल वापराशी जोडता येतो. हे आकडे कळावेत म्हणून तिने त्याच डेटातल्या इतर गोष्टींशी तुलना केली. नियमित बटाटे खाण्याचा संबंधही जवळपास तेवढाच वाईट निघाला. चष्मा लावण्याचा त्याहून वाईट! उलट पुरेशी झोप, सकाळचा नाश्ता, आणि शाळेत होणारा छळ यांचा संबंध कितीतरी मोठा.

झालं. जगभर मथळे आले, मोबाईल बटाट्याइतकाच निरुपद्रवी! फोर्मन साहेबांनी केलं तेच, फक्त उलट्या दिशेने.

कारण ऑर्बेनचा दावा तेवढा नव्हता. तो सर्व मुलांचा सरासरी हिशोब होता. ट्वेंगी आणि जोनाथन हाईट (यांचं 'द अँक्शस जनरेशन' २०२४ मध्ये आलं) यांनी आक्षेप घेतला, की टीव्ही, गेम, सोशल मीडिया सगळं एकाच पातेल्यात उकळलं तर चव कशी कळणार? फक्त मुली आणि फक्त सोशल मीडिया घेतला तर संबंध ठळक होतो. मुद्दा बरोबर होता. आणि ऑर्बेनची मोठेपणाची गोष्ट अशी की ती स्वतःच पुढे तिकडे वळली. २०२२ मध्ये तिने आणि सहकाऱ्यांनी वयानुसार फोड केली. जास्त सोशल मीडियानंतर वर्षभराने समाधान घटलेलं दिसतं, पण ते ठरावीक वयांत. मुलींमध्ये साधारण ११ ते १३, मुलांमध्ये १४-१५, आणि मग पुन्हा दोघांतही १९ च्या आसपास. म्हणजे सरासरीत जे ०.४ टक्क्यांत विरघळून गेलं होतं, ते एखाद्या बारा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत विरघळलेलं नसू शकतं. प्रॉडक्शनमध्ये सरासरी रिस्पॉन्स टाईम झकास असतो आणि नेमक्या काही लोकांचं पेज तीस सेकंद लोड होत नाही, त्यातलाच प्रकार.

याच ऑर्बेनने २०२० मध्ये एक निबंध लिहिला, ज्यात रेडिओच्या व्यसनाची वरची गोष्ट येते. तिचं म्हणणं, दर नव्या यंत्राबरोबर समाज घाबरतो, राजकारणी संशोधकांकडे बघतात, संशोधक सगळं पहिल्यापासून सुरू करतात, आणि उत्तर हाताशी येईपर्यंत नवीन यंत्र येतं. मग जुनं सोडून पुन्हा पहिल्यापासून. तिने याला ग्रीक पुराणातल्या सिसिफसचं नाव दिलंय, तो धोंडा डोंगरावर चढवतो आणि धोंडा गडगडत खाली येतो. आपल्याला इतकं लांब जायची गरज नाही. आपला विक्रम आहेच. प्रेत खांद्यावर घेऊन निघतो, वेताळ गोष्ट सांगतो, राजा तोंड उघडतो आणि वेताळ परत झाडावर. सिनेमा, रेडिओ, कॉमिक्स, टीव्ही, मोबाईल. झाड तेच, फांदी वेगळी. आणि आता एआयशी गप्पा मारणारी मुलं पुढच्या फांदीवर दिसायला लागलीच आहेत.

पण थांबा. माझा भाचा बारा वर्षांचा नाही, अडीच वर्षांचा आहे. 'आधीही लोक उगाच घाबरले होते, म्हणून आताही उगाच घाबरताय' हे ताईला सांगून मोकळं होणं सोपं होतं. (आणि मला सोयीचंही. ते वर्तुळ आठवतंय ना?) म्हणून अगदी लहान मुलांवरचं वेगळं वाचलं.

ज्या महिन्यात बटाटा गाजला, त्याच जानेवारी २०१९ मध्ये कॅनडातल्या शेरी मॅडिगन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कॅलगरीतल्या २४४१ आया आणि मुलं. मुलं दोन, तीन आणि पाच वर्षांची असताना तीनदा नोंदी. प्रश्न असा, की पडद्यामुळे मूल मागे पडतं, की मागे असलेल्या मुलाला पडदा जास्त दिला जातो? आकडे पहिल्या बाजूने झुकले. दोन वर्षांचं असताना जास्त पडदा, तर तीनचं झाल्यावर विकासाच्या चाचणीत कमी गुण. उलट दिशा दिसली नाही. परिणाम इथेही लहानच, पण दिशा स्पष्ट. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, दोन वर्षांखालच्यांना बसून पडदा बघायला देऊ नका, पुढे पाचव्या वर्षापर्यंत दिवसाला तासाभराहून जास्त नको.

पण असं का? याचं माझ्या दृष्टीने सर्वात सुंदर उत्तर २००३ चं आहे, म्हणजे स्मार्टफोनच्याही आधीचं. पॅट्रिशिया कूल यांनी अमेरिकेतली नऊ महिन्यांची बाळं घेतली आणि त्यांना बारा वेळा चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर प्रत्यक्ष बाई बसून गोष्ट वाचायची, खेळायची. काहींना त्याच बाईचा, त्याच खेळण्यांचा व्हिडिओ. काहींना फक्त आवाज. प्रत्यक्ष बाई असलेली बाळं चिनी भाषेतले अवघड ध्वनी ओळखायला शिकली. व्हिडिओवाली आणि आवाजवाली? काही नाही. शून्य. जणू ऐकलंच नव्हतं.

माल तोच, शब्द तेच. मग फरक कशाचा? समोरची बाई बाळाकडे बघते. बाळाने 'बू' केलं की ती थांबते, हसते, काहीतरी म्हणते. व्हिडिओ थांबत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर बाळाला नुसतं ब्रॉडकास्ट पुरत नाही, पाठवलेल्या पॅकेटची पोच परत यायला लागते. पोच आली नाही तर ते पाठवणं हळूहळू कमी करत असेल, तर नवल काय? म्हणूनच आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल ही वेगळी गोष्ट. पडदा तोच, पण तिकडची आजी उत्तर देते.

आणि पोच न देणारं घरात एकटं ते गाणंच नसतं. २०१४ मध्ये जेनी रॅडेस्की आणि सहकाऱ्यांनी बॉस्टन भागातल्या फास्टफूडच्या दुकानांत मुलांबरोबर जेवायला आलेल्या ५५ मोठ्यांचं लांबून निरीक्षण केलं. ४० जणांनी जेवताना फोन वापरला. हे वाचताना मला शनिवार आठवला. भाचा गाणं बघत होता, ताई घास भरवत होती, भाऊजी ऑफिसच्या ग्रुपवर होते, आणि हा मामा क्रिकेटचा स्कोअर बघत होता. चार माणसं, तीन पडदे. वीस शब्द कोणाकडून शिकायचे त्याने?

दरम्यान धोरणंही पुढे निघालीत. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी घातली. नोटेलसारखाच हा देशभराचा प्रयोग, आता आकडे कळायला काही वर्षं जातील. आपल्याकडे तर एका गावाने आधीच करून दाखवलंय. सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव. २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायला लागला, की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलं अभ्यासाला, मोठी माणसं वाचायला नाहीतर गप्पांना. मला त्यातली खरी हुशारी वाटते ती अशी, की भोंगा मुलांसाठी वेगळा आणि मोठ्यांसाठी वेगळा वाजत नाही. हिमेलवाईट बाई असत्या तर खूश झाल्या असत्या. गावाने 'किती तास बघायचं' विचारलं नाही. दीड तास कशासाठी राखायचा, ते ठरवलं.

काल रात्री ताईला फोन केला. म्हटलं, मेंदू-बिंदू सडत नाही, घाबरू नकोस. पण काही होत नाही असंही नाही. कान तपासून घे, डॉक्टर सांगतील तर बोलणं शिकवणाऱ्यांकडेही जा, उगाच थांबू नका. आणि मिनिटं मोजत बसू नकोस. एवढंच बघ, की मोबाईल चालू असताना त्याच्याशी कोण बोलायचं राहून गेलं. झोप गेली का, खेळ गेला का, बोलणं गेलं का.

ताई शांतपणे म्हणाली, "दिवसभर ऑफिस करून आल्यावर, अर्धा तास एकेक घास भरवताना कोण बोलणार रे? तू येणार आहेस का?"

याला माझ्याकडे संशोधन नव्हतं. तिचं खरंच होतं. शंभर वर्षांचे हे सगळे अभ्यास शेवटी आईकडे बोट दाखवून संपतात, आणि तिच्या हातातली वाटी धरायला कोणी येत नाही. आपण वर्तुळं लिहिणारे तर नाहीच नाही.

म्हणून आज गेलो. मोबाईल चपलांच्या स्टँडवर ठेवला, भाऊजींचाही ठेवायला लावला. वरण-भात भरवायला पाऊण तास लागला. निम्मा माझ्या शर्टवर. दोनदा भोकाड पसरलं, एकदा वाटी उडाली. मग खिडकीत कावळा येऊन बसला. मी म्हटलं, "काऊ!" त्याने कावळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि वाट बघत राहिला. मी पुन्हा म्हटलं, "काऊ!" तो म्हणाला, "आऊ."

ताईच्या यादीत हा शब्द धरायचा की नाही, यावर वाद आहे. मी धरलाय.

असो. उद्या सोमवार. स्टँडअपमध्ये त्या वर्तुळाबद्दल विचारणार आहे, की ते मुळात बंद ठेवून, हवं त्याने चालू करावं असं करता येईल का. आकडा खाली जाईल हे मला माहीत आहे. पिझ्झा मिळणार नाही हेही.